लांब पल्ल्याची शिकार: आपला पल्ला कसा ठरवावा आणि चापावरून बोट कधी काढावं

500 मीटरवर टांगलेल्या लोखंडी पाटीला गोळी लागली की क्षणभराने ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि माणूस खूश होतो. गोळी मधोमध लागली की काठाला घासून गेली, हे त्या आवाजावरून कळत नाही. पाटीला त्याने काही फरकही पडत नाही. हरणाला पडतो. मधोमध म्हणजे फुप्फुसं. तिथून दीड वीत मागे म्हणजे कोथळा, आणि मग कुठल्यातरी झुडपात आठ-दहा तास तडफडणं. नेमबाजीच्या मैदानावर कमावलेला आत्मविश्वास डोंगरावर उसना ठरतो तो इथेच.

हा लेख, जिथे कायदा मुभा देतो तिथे, रीतसर परवान्यावर मोठ्या प्राण्यांची शिकार करणाऱ्यांसाठी आहे. शिकार करावी की नाही हा वाद इथे घालत नाही. करायचीच असेल तर लांबून गोळी झाडण्याआधी काय काय माहीत असायला हवं, एवढाच विषय.

‘लांब’ म्हणजे किती?

आकड्यात उत्तर मिळत नाही. 1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी अमेरिकेत बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. मोकळ्या रानातल्या प्राण्याला निसटण्याची खरीखुरी संधी ठेवूनच शिकार करावी, हा या क्लबचा जुना आग्रह. लांब पल्ल्याच्या शिकारीबद्दलही क्लबची भूमिका अशी, की ती मीटरवर कमी आणि शिकाऱ्याच्या हेतूवर जास्त ठरते. प्राण्याला आपला वास, आवाज, हालचाल कळूच शकणार नाही इतक्या लांब मुद्दाम थांबायचं आणि आपल्या बंदुकीची परीक्षा त्याच्या अंगावर घ्यायची, याला ते शिकार म्हणत नाहीत.

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. कारण उघड्या माळावर किंवा खोल दरीच्या पलीकडे कधी कधी खरोखरच जवळ जाता येत नाही, आणि 350 मीटरवरून शांतपणे, टेकून झाडलेली गोळी 120 मीटरवरून धापा टाकत झाडलेल्या गोळीपेक्षा कितीतरी दयाळू असते. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. मला तिथे गोळी नक्की घालता येते का? हे मोजता येतं. आणि जवळ जाणं शक्य असताना मी इथून का झाडतोय? हे मोजता येत नाही. त्याचं उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यायचं. बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नावर वाद घालतात आणि पहिलं मोजतच नाहीत.

आधी सावज मोजा

मध्यम आकाराच्या हरणात हृदय आणि फुप्फुसांचा मिळून जो भाग गोळीसाठी योग्य, तो साधारण 20 ते 25 सेंटीमीटर व्यासाचा असतो. एल्कसारख्या मोठ्या प्राण्यात तो 35 सेंटीमीटरच्या आसपास जातो. शिंगं केवढी आणि धड केवढं, याने फसू नका. गोळी त्या ताटलीएवढ्या गोलातच जायला हवी.

हा गोल पूर्ण मिळतो तो प्राणी आडवा उभा असेल तेव्हाच. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, फऱ्याच्या किंचित मागे. प्राणी तिरका, तोंड पलीकडे करून उभा असेल तर पलीकडच्या खांद्यातून गोळी बाहेर पडेल असा विचार करून नेम धरतात. जवळून हे जमतं. लांबून तिरकेपणाचा अंदाज चुकतो, म्हणून 300 मीटरच्या पुढे मी आडव्या प्राण्याशिवाय दुसरा कुठलाच कोन विचारात घेत नाही. समोरून छाती, मागून ढुंगण, मान, डोकं हे सगळं बाद.

आता स्वतःला मोजा

इथे थोडं गणित लागतं. रायफलची अचूकता मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एमओएमध्ये सांगतात. एक एमओए म्हणजे 100 मीटरवर गोळ्यांचा सुमारे 2.9 सेंटीमीटरचा पसारा. बहुतेक चांगल्या रायफली वाळूच्या पोत्यावर ठेवून एक एमओएत गोळ्या घालतात. ते 500 मीटरवर झालं 14.5 सेंटीमीटर. हरणाचा गोल 22 धरला तर बसतं. पण रायफल पोत्यावर नसते. ती उतारावर, पाठपिशवीवर, दमलेल्या खांद्याला लागलेली असते. रानात दोन एमओए राखणारा माणूस चांगला नेमबाज समजावा. दोन एमओए म्हणजे 500 मीटरवर 29 सेंटीमीटर. वारा अजून आलेलाच नाही आणि काही गोळ्या गोलाबाहेर गेल्यासुद्धा.

स्वतःचा खरा आकडा काढायची माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण खोटं बोलत नाही. हरणासाठी 20 सेंटीमीटरची कागदी ताटली घ्या. दहा वेगवेगळ्या दिवशी मैदानावर जा आणि दर वेळी फक्त पहिली गोळी मोजा, थंड नळीतली. दोन-चार गोळ्यांनंतर नळी तापते, हात बसतो, वारा कळतो. सावज मात्र ही तयारी करू देत नाही. बाकापासून लांब राहा. बायपॉडवर (नळीखालच्या दुपायी टेकूवर) पालथे पडून, पाठपिशवीवर, बसून काठीच्या टेकूवर, जसं रानात मिळेल तसं. त्याआधी शे-दीडशे मीटर धावून या, म्हणजे श्वास आणि नाडी वाढलेली असेल. 200 मीटरपासून सुरू करा, दहापैकी दहा ताटलीत गेल्या की 50 मीटर मागे सरका. जिथे पहिली गोळी ताटलीबाहेर जाईल तिथे थांबा.

त्याआधीचं अंतर, जिथे दहाच्या दहा बसल्या, ती तुमची मैदानावरची मर्यादा. रानातली मर्यादा त्याच्या दोन तृतीयांश धरा. हे प्रमाण माझं आहे, शास्त्र नाही. पण समोर खरं जनावर आलं की हात कापतो, तोंड कोरडं पडतं, आणि त्याचा हिशेब कुठेतरी करावा लागतो.

एक तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे. नॉर्वेमध्ये मोठ्या प्राण्यांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: 100 मीटरवर पाच गोळ्या, पाचही 30 सेंटीमीटरच्या वर्तुळात. फिनलंडमध्ये 75 मीटरवर चार गोळ्या, 23 सेंटीमीटरच्या वर्तुळात. ज्या देशांत घराघरात शिकारी आहेत तिथली सरकारी कसोटी एवढ्या अंतरावरची आहे.

गोळी तिथे पोचते, पण काम करते का?

शिकारी गोळी आत गेल्यावर फुलावी लागते. त्यासाठी तिला वेग हवा. बऱ्याच फुलणाऱ्या गोळ्यांना सेकंदाला 550 मीटरच्या आसपास वेग लागतो. काही लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या गोळ्या 490 पर्यंत चालतात, तर सबंध तांब्याच्या गोळ्यांना अनेकदा जास्तच लागतो. आपल्या गोळीचा किमान वेग कंपनी छापते. तो बघा.

आता दोन काडतुसांची उदाहरणं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). 6.5 क्रीडमूरची 143 ग्रेनची गोळी नळीतून सुमारे 820 मीटर वेगाने निघते आणि 500 मीटरवर साधारण 590 वर येते. .308 विंचेस्टरची 165 ग्रेनची नेहमीची गोळी 800 ने निघून तिथे सव्वापाचशेच्या आत-बाहेर असते. म्हणजे पहिली अजून फुलेल; दुसरी कदाचित सुईसारखी आरपार जाईल, आणि प्राणी दोन डोंगर ओलांडेपर्यंत आपल्याला लागलं आहे हे दाखवणारही नाही. ऊर्जेचाही एक जुना ठोकताळा आहे: हरणाला 1350 ज्यूल, एल्कला 2000. त्या हिशेबाने वरची 6.5 ची गोळी 500 मीटरवर 1600 ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे हरणाला पुरेशी, एल्कला नाही. मी ऊर्जेपेक्षा वेगावर जास्त विसंबतो, पण दोन्हींपैकी एकही बसत नसेल तर चर्चा तिथेच संपवावी.

नळीतून निघतानाचा वेग मात्र खोक्यावर छापलेला धरू नका, क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा. 15 मीटर प्रतिसेकंदाचा फरकसुद्धा 500 मीटरवर गोळी आठ-नऊ सेंटीमीटर वर-खाली करतो.

अंतर आणि गोळीची घसरण

हा भाग आता यंत्रांनी सोपा केला आहे, म्हणून थोडक्यात. 100 मीटरवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेली, वरची 6.5 ची रायफल 300 मीटरवर सुमारे 40 सेंटीमीटर आणि 500 वर पावणेदोन मीटरच्या आसपास खाली मारते. अंतर लेझर रेंजफाइंडरने मोजा, तीन वेळा, कारण किरण पुढच्या गवताला किंवा मागच्या कड्याला लागून परत येऊ शकतो. 500 मीटरवर 20 मीटरची चूक झाली तर गोळी दहा-बारा सेंटीमीटरने सरकते, म्हणजे हरणाच्या गोलाची अख्खी त्रिज्या गेली.

चढ-उतारावर तिरकं अंतर नव्हे, आडवं अंतर धरायचं. 30 अंश उतारावर 400 मीटर दिसणारं सावज गोळीच्या दृष्टीने 346 मीटरवर असतं. उंच डोंगरावर हवा विरळ, त्यामुळे गोळी मैदानापेक्षा वर लागते. फोनवरचं अ‍ॅप हे सगळं सांगतं, पण अ‍ॅपने सांगितलेलं प्रत्येक अंतरावर स्वतः झाडून तपासलेलं असावं. तपासलेले आकडे कागदावर लिहून बुटाच्या किंवा रायफलच्या दस्त्याच्या बाजूला चिकटवा. थंडीत फोनची बॅटरी बसते, कागद बसत नाही.

वारा

बाकी सगळं मोजता येतं. वारा नाही. लांब पल्ल्याच्या शिकारीतला सगळा अहंकार इथे उतरतो.

आडवा वारा ताशी 16 किलोमीटर असेल, म्हणजे पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर तीच 6.5 ची गोळी 200 मीटरवर जेमतेम 8 सेंटीमीटर सरकते. 500 मीटरवर ती अर्ध्या मीटरपेक्षा थोडी जास्त सरकते. .308 ची तर 70 सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे अंतर अडीच पट झालं आणि वाऱ्याचा फटका सातपट. आता चुकीचा हिशेब करा. 500 मीटरवर वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त साडेतीन किलोमीटरने चुकला तर गोळी 11-12 सेंटीमीटर बाजूला जाते आणि हरणाच्या गोलाच्या काठावर पोचते. साडेतीन किलोमीटर म्हणजे काय? गालावर जाणवेल न जाणवेल अशी झुळूक. ही बारकाई आपल्याला येते असं छातीठोकपणे म्हणणारा माणूस मी मैदानावर पुष्कळदा पाहिलाय, आणि त्याच्या गोळ्या कागदावर कुठे गेल्या तेही.

हातातला वारामापक तुमच्या पायाशी काय आहे ते सांगतो. गोळी जाते पाचशे मीटर. वाचायचा क्रम असा ठेवा: आधी स्वतःजवळ, कारण सुरुवातीला मिळालेला धक्का पुढे सगळा रस्ता वाढत जातो, मग मधल्या पट्ट्यात, गवत, झुडपं, धूळ, उडणारं परागकण, पावसाच्या सरींचा तिरकेपणा, आणि शेवटी सावजाजवळ, त्याच्या मानेवरचे केस, शेजारचं झाड. तापलेल्या जमिनीवर दुर्बिणीतून हवा पाण्यासारखी वाहताना दिसते. ती सरळ वर उकळत असेल तर वारा नाही किंवा नेमका नळीच्या रेषेत आहे, आडवी धावत असेल तर वारा आहे. 45 अंशातून येणारा वारा पूर्ण आडव्या वाऱ्याच्या 70 टक्के मोजा, 30 अंशातला निम्मा.

दरी ओलांडून झाडायचं असेल तर मी बहुतेक वेळा झाडतच नाही. गोळी दरीच्या पोकळीतून जाते, तिथे ना गवत ना झाड, आणि दिवसा उतारावरून वर चढणारा वारा संध्याकाळी उलटून खाली वाहू लागतो. एकदा माझ्या बाजूला पान हलत नव्हतं, समोरच्या बाजूलाही नाही. 430 मीटर, आडवा उभा नर, सगळं तपासलेलं. गोळी त्याच्या मागे हातभर अंतरावर दगडावर फुटली. मधल्या ओढ्याच्या घळीतून वारा वाहत होता आणि तो दाखवणारं तिथे काहीही नव्हतं. तो नर बेफिकीर उभा राहिला, दोन पावलं चालून गवताला तोंड लावलं. दुसरी गोळी मी झाडली नाही. वारा उलट्या दिशेचा असता तर गोळी कुठे लागली असती, तेच डोक्यात फिरत राहिलं.

पाऊण सेकंद

500 मीटरला गोळीला सुमारे 0.7 सेकंद लागतो. आवाज दीड सेकंदाने पोचतो, त्यामुळे प्राणी आवाजाने बिचकण्याची भीती नसते. पण तो स्वतःहून पाऊल टाकू शकतो. चालणारं हरीण सेकंदाला एक-सव्वा मीटर जातं. चाप दाबल्यानंतर निघालं तर गोळी पोचेपर्यंत पाऊणएक मीटर पुढे गेलेलं असतं. फुप्फुसाचा नेम पोटात जाण्यासाठी याच्या निम्मंही पुरे. चरणारा प्राणी दर काही क्षणांनी पाऊल टाकतोच. म्हणून लांबून फक्त स्वस्थ उभ्या प्राण्यावर: मान वर करून पाहणारा, रवंथ करत उभा असलेला. चालणाऱ्यावर नाही, पळणाऱ्यावर तर विचारही नाही. बसलेला असेल तर उठेपर्यंत थांबा. दोन तास लागले तरी.

जवळ जाणं हाच खरा उपाय

वरचे सगळे आकडे एकाच गोष्टीने लहान होतात. 500 चे 300 मीटर केले की वाऱ्याची तीच चूक 4 सेंटीमीटरवर येते. म्हणून लांब दिसलेल्या सावजाकडे बघताना पहिला प्रश्न ‘किती क्लिक?’ (स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, नेम किती खटके फिरवायचा) हा नव्हे, ‘मधे काय आहे?’ हा असावा. घळ, दगडांची रांग, झुडपांचा पट्टा, जमिनीतली वळकटी. वारा आपल्या तोंडावर ठेवून फेरा मारायचा. कळपातल्या मोहोरक्या मादीवर नजर ठेवायची, कारण शिंगवाल्या नराच्या आधी तिला कळतं. ती मान खाली घालते तेव्हा सरकायचं, वर करते तेव्हा दगड व्हायचं. सावज उघड्यावर असेल आणि वाट नसेल तर थांबायचं. संध्याकाळी ते बहुधा पाण्याकडे किंवा चाऱ्याकडे सरकतं, आणि तुमच्याकडेही.

जवळ जाताना सावज उधळलं तर उधळलं. तीच तर त्याची संधी.

चाप दाबण्याआधी

थांबून मनात एक फेरी मारायची. सावजाच्या मागे माती आहे का? क्षितिजावर उभ्या प्राण्यावर कधीच नाही. रायफलची गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. त्याच्या मागे दुसरं जनावर नाही ना, कारण गोळी आरपार जाते. टेकू असा आहे का, की स्कोपमधली फुली श्वासाबरोबर गोलाच्या आतच फिरते? उजेड किती उरला आहे? माग काढायला दोन तास तरी हवेत. आणि जखमी झालं तर मी तिथे पोचू शकतो का? मधे ओलांडता न येणारी नदी किंवा कडा असेल तर अंतर 200 मीटर असलं तरी गोळी नाही.

यातलं एक जरी उत्तर डळमळीत असेल तर काडतूस काढून खिशात ठेवा. स्वतःशी ‘बहुतेक लागेल’ असं म्हणालात, तर त्याचाच अर्थ ‘नाही’ असा आहे.

गोळीनंतर

चाप दाबताच बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरा, डोळा स्कोपवरून हलवू नका. पडलेलं जनावरही उठतं. मोठ्या धक्क्याच्या मॅग्नम रायफलीत नेमकी गोळी लागते तेव्हाच स्कोपमधलं चित्र हरवतं, म्हणून दुर्बीण लावून बघणारा जोडीदार लांब पल्ल्याला हवाच. त्याने गोळी कुठे लागली ते सांगायचं, बाकी काही नाही. एकटे असाल तर तुमची मर्यादा आणखी आखडा.

प्राण्याने कशी उसळी घेतली ते लक्षात ठेवा. पुढे झेप घेऊन खाली मुंडी पळाला तर हृदय-फुप्फुस असण्याची शक्यता जास्त. पाठीची कमान करून, सावकाश चालत गेला तर पोट. मग निघण्याआधी एक काम, जे बरेच जण विसरतात: तिथे पोचल्यावर सगळे दगड आणि झुडपं सारखी दिसतात. आहात तिथूनच फोटो काढा, कंपासवर दिशा लिहा, आणि जोडीदाराला तिथेच बसवून त्याच्या इशाऱ्यावर चाला. एकटे असाल तर भडक रंगाचं कापड बांधून जा, म्हणजे मागे वळून रेषा धरता येईल.

जागेवर रक्त आणि केस बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून माग धरा. गडद तांबडं म्हणजे यकृत; तीन-चार तास थांबा. हिरवट घाण, आंबूस वास म्हणजे पोट. सहा ते बारा तास, अनेकदा रात्रभर. लगेच मागे लागलात तर ते उठत राहील आणि हाती येणार नाही. रक्ताच्या प्रत्येक थेंबाशी कागदाचा तुकडा लावत जा. आणि शक्य असेल तर जखमी जनावराचा माग काढणारा कुत्रा बोलवा. बव्हेरियन माउंटन हाउंडसारख्या जाती या एकाच कामासाठी तयार केल्या आहेत. नॉर्वेत हरणं आणि मूसच्या शिकारीला असा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

रक्त दिसलं नाही म्हणून चुकली असं धरू नका. लांबून मंद झालेली गोळी छोटं भोक पाडते, चरबी ते बंद करते, आणि पहिल्या शंभर मीटरवर एक थेंबही पडत नाही. ज्या दिशेला गेलं तिकडे निदान तीन-चारशे मीटर गोल फिरून बघा, पाणवठे आणि दाट झुडपं आधी.

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या सफारींत एक पद्धत आहे: रक्त सांडलं की जनावर मिळो न मिळो, पूर्ण शुल्क द्यायचं. मी तेच घरच्या परवान्यालाही लावतो. जखमी होऊन हाती न आलेलं जनावर माझ्या कोट्यातलं गेलं, त्या हंगामात दुसऱ्यावर गोळी नाही. वहीत मात्र ते पानभर लिहून ठेवतो: अंतर, कोन, वारा कुठे कसा वाटला, टेकू कसला होता, आणि चाप दाबण्याच्या आधीच्या क्षणी मला काय खटकलं होतं. खटकलेलं काहीतरी असतंच.